गडद विभागाचा मोडलेला पाय

साहेब खुर्चीवरून पडले तेव्हा त्यांच्या हातात देशाचा नकाशा होता. नकाशा त्यांनी सोडला नाही, त्यामुळे भिंत धरता आली नाही. नकाशाची काच शाबूत राहिली आणि डाव्या पायाचं हाड गेलं.

"मी म्हटलं होतं," हातोडी घेऊन शेजारी उभी असलेली बायको म्हणाली.

तिने खरोखरच म्हटलं होतं. त्या खुर्चीचा मागचा पाय गेल्या वर्षीच निखळला होता. साहेबांनी तो सुतळीने बांधून ठेवला होता आणि कोणी विचारलं की 'दुरुस्ती सुरू आहे' असं सांगत होते. त्या घरात बरंच काही सुरू होतं. न्हाणीघरात नळ बसवणं सुरू होतं, म्हणून तिथे बादली होती. बैठकीच्या खोलीत रंगकाम सुरू होतं, म्हणून एक भिंत अर्धी निळी आणि अर्धी कळकट होती. नकाशा लावायचा होता तो नेमका त्या दोन रंगांच्या सीमेवर. म्हणजे सीमा झाकली गेली असती आणि रंगकामही निवांत सुरू राहिलं असतं.

"संध्याकाळी पाहणी अधिकारी चहाला येणार आहेत," साहेब जमिनीवरून म्हणाले. "तू नकाशा तेवढा लावून घे."

"आधी पाय बघू की नकाशा?"

"पाय काय, घरचाच आहे."

बायकोने नकाशा भिंतीला टेकवून ठेवला, पाय पाहिला आणि हातोडी खाली ठेवली. पाय घोट्याच्या वर भलत्याच दिशेला वळला होता.

साहेब आरोग्य खात्याच्या इमारत शाखेचे प्रादेशिक संचालक होते. देशाच्या कोणत्या विभागात रुग्णालयांचं बांधकाम किती जोरात चाललं आहे, याचा अहवाल राजधानीतून दरवर्षी निघे. अहवाल कोणी वाचत नसे. त्याच्या शेवटी एक नकाशा असे, तो मात्र सगळे बघत. ज्या विभागात जास्त कामं चालू, तो गडद हिरवा. जिथे कमी, तो फिका. साहेबांचा विभाग इतकी वर्षं इतका गडद येत होता की त्यावर छापलेलं विभागाचं नाव वाचता येत नसे. कचेरीत त्यांच्या पाठीमागे त्यांना गडदसाहेब म्हणत, आणि हे कळूनही साहेबांना राग आला नव्हता. उलट शेजारच्या विभागाच्या संचालकाला सगळे फिकेसाहेब म्हणत, याचं त्यांना फार समाधान होतं.

पूर्वी या अहवालात किती रुग्णालयं बांधून झाली हे मोजत. ती मोजदाद फार उदास करणारी निघू लागली, तेव्हा राजधानीतल्या शहाण्यांनी ठरवलं की झाली किती ते नको, चालू किती ते मोजावं. तेव्हापासून आकडे सुधारले. एक अडचण मात्र उरली. इमारत पूर्ण झाली की ती 'चालू'मधून गळायची. अहवालाच्या दृष्टीने पूर्ण झालेलं रुग्णालय हे मेलेलं रुग्णालय होतं. साहेबांनी ही गोष्ट इतरांच्या आधी ओळखली आणि त्यांच्या विभागात एकही रुग्णालय मरू दिलं नाही.

मोजण्याची पद्धतही सोपी होती. राजधानीतून पाहणी अधिकारी गाडीने येत आणि रस्त्यावरूनच बघून जात. इमारतीला परांची, म्हणजे बाहेरून बांधलेला बांबू आणि फळ्यांचा सांगाडा, दिसली की काम सुरू. दिसली नाही की काम नाही. पद्धत स्वस्त होती, झटपट होती आणि तिच्यात गाडीतून उतरावं लागत नसे.

साहेबांच्या घरासमोर, खिडकीतून हात लांबवला तर लागेल असं वाटावं इतक्या जवळ, त्यांच्या विभागाचं मुख्य रुग्णालय उभं होतं. ते कधीच बांधून झालं होतं. आत खाटा होत्या, खाटांवर गाद्या होत्या, गाद्यांवर प्लास्टिक होतं. बाहेरून मात्र तळापासून गच्चीपर्यंत परांची होती आणि दारावर फलक होता, 'काम सुरू आहे. कामगारांखेरीज कोणालाही आत प्रवेश नाही.' खाली साहेबांची सही. परांची ज्या ठेकेदाराची होती तो साहेबांचा मेव्हणा होता आणि तिचं भाडं सुरू होतं. जुनं रुग्णालय साहेबांनी आधीच पाडून टाकलं होतं, कारण पाडकामही अहवालात बांधकामातच धरतात.

या वर्षी विभाग पुन्हा पहिला आला की साहेब राजधानीत महासंचालक होणार, हे जवळजवळ ठरलं होतं. तिथल्या बंगल्याला पडदे कोणते लावायचे, हेही त्यांनी बायकोला सांगून ठेवलं होतं. सगळं आजच्या पाहणीवर अडलं होतं.

"समोर घेऊन जाऊ," बायको म्हणाली. "दवाखाना दिसतोय की."

"तिथे नाही जाता येणार."

"का?"

"तिथे रुग्ण सापडला तर इमारत वापरात आली असं होईल. वापरात आली की पूर्ण झाली. पूर्ण झाली की आपण गेलो सहाव्या नंबरावर."

"मग शेजारच्या विभागात जाऊ. फिकेसाहेबांच्या दवाखान्यात."

साहेबांचा चेहरा पायापेक्षा जास्त वाकडा झाला. "त्याच्या दारात मी? मरेन, पण जाणार नाही."

"मरायलाही दवाखाना लागतो," बायको म्हणाली आणि भावाला फोन लावला.

मेव्हणा बांबू वाहायचा टेम्पो घेऊन आला. माणूस कामाचा होता, पण त्याची अक्कल नेहमी गरजेच्या एक पाऊल पुढे धावायची, आणि त्या पावलात खड्डा असायचा.

"दाजी, काळजी करू नका. तुम्हाला समोरच नेतो. मागच्या दाराने."

"अरे, पण रुग्ण म्हणून नको."

"रुग्ण कोण म्हणतंय? बघा तुम्ही."

साहेबांना टेम्पोत बांबूंच्या शेजारी निजवलं. रस्ता ओलांडायचा तेवढाच होता, पण मधे खड्डा होता. पाण्याच्या नळासाठी तो खणणं सुरू होतं. त्या खड्ड्यात टेम्पो उतरला तेव्हा साहेबांनी प्रथमच स्वतःच्या विभागातलं काम इतक्या जवळून अनुभवलं.

रुग्णालयाच्या आवारात, इमारतीच्या बाहेर, पत्र्याची एक शेड होती. तिथे सरकारने नेमलेल्या डॉक्टरबाई बसत. त्या हाडांच्या डॉक्टर होत्या. इमारतीत जायला बंदी असल्यामुळे त्या शेडमध्ये बसून पेशंट तपासत आणि प्रत्येकाला एकच चिठ्ठी लिहून देत, 'पुढील उपचारांसाठी शेजारच्या विभागात जावे.' आजही शेडसमोर बरीच माणसं उभी होती. एका म्हाताऱ्याने कोपर धरलं होतं, एका बाईच्या कडेवर कण्हणारं पोर होतं. साहेबांचा टेम्पो रांगेला वळसा घालून थेट आत शिरला.

डॉक्टरबाईंनी पाय पाहिला. "मोडलंय. एक्स-रे काढायला लागेल."

"काढा की," साहेब म्हणाले.

"यंत्र आत आहे. आत फक्त कामगार जाऊ शकतात." त्यांनी दारावरच्या फलकाकडे हात केला. "सही ओळखीची असेल तुमच्या."

"डॉक्टर, तुम्ही माझी चेष्टा करताय."

"मी दोन वर्षं इथे बसून चिठ्ठ्या लिहितेय, साहेब. चेष्टा कोण कोणाची करतंय ते मला ठाऊक आहे. चिठ्ठी देऊ का?"

"चिठ्ठी नको," मेव्हणा मधे पडला. "कामगार लागतो ना? हा घ्या कामगार." त्याने मुकादमाला हाक मारली. "यांना कामावर घे."

मुकादम आला. त्याने आडव्या पडलेल्या साहेबांकडे नीट पाहिलं. नवीन माणूस घेताना तो नेहमी जे विचारायचा तेच त्याने विचारलं.

"काय काम येतं?"

साहेबांनी बायकोकडे पाहिलं.

"काहीच येत नाही," बायको म्हणाली. "घरचा नळसुद्धा नाही."

"मग बिगारी," मुकादम म्हणाला आणि साहेबांच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट घातलं. ते जरा मोठं होतं, भुवयांच्या खाली उतरलं. मेव्हण्याने हौसेने त्यांच्या गालांना सिमेंटचे हात पुसले. "आता दाजी, सख्खा भाऊ आला तरी ओळखायचा नाही."

अशा रीतीने प्रादेशिक संचालक आपल्याच रुग्णालयात बिगारी म्हणून शिरले.

आतलं सगळं लख्ख होतं. फरशीवर पायांचे ठसे उमटतील इतकी धूळ सोडली तर तिथे कशालाही नाव ठेवायला जागा नव्हती. बायकोने खाटा पाहिल्या, बेसिन पाहिलं, नळ सोडून बघितला. नळाला पाणी आलं.

"अहो, इथे नळ आहेत," ती म्हणाली.



डॉक्टरबाईंनी एक्स-रे यंत्रावरचं प्लास्टिक काढलं, झटकलं आणि बटण दाबलं. काही झालं नाही. इमारतीला कायमची वीज नव्हती. ती घ्यायची तर काम पूर्ण झाल्याचा दाखला द्यावा लागतो, आणि दाखला देण्याइतके साहेब वेडे नव्हते. बाहेरून ठेकेदाराची एक तात्पुरती तार आली होती आणि तिच्यावर काँक्रीटचा मिक्सर चालू होता. आज पाहणीचा दिवस असल्यामुळे मिक्सरमध्ये थोडे दगड टाकून तो सकाळपासून फिरवत ठेवला होता. आवाज असा येत होता की शहराबाहेरूनही वाटावं, विभाग प्रगती करतोय.

"मिक्सर थांबवा म्हणजे यंत्र चालेल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मिक्सर थांबवायचा नाही," साहेब म्हणाले.

"मग पाय असाच राहील."

"पाहणी होऊन जाऊ द्या. मग थांबवू."

"पाहणी कधी आहे?"

"आज. कधी ते सांगून येत नाहीत."

डॉक्टरबाईंनी पायाला हात लावला. फार नाही, जरासाच. साहेब जे ओरडले त्यावरून बाहेरच्या रांगेतल्या माणसांना वाटलं की आतमध्ये खरोखरच दवाखाना सुरू झाला.

"थांबव रे मिक्सर," बायकोने भावाला सांगितलं. "एक फोटो काढायला कितीसा वेळ लागतो?"

मिक्सर थांबला. सकाळपासूनच्या घरघराटानंतर एकदम सामसूम झाली. डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढला. आणि नेमक्या त्याच वेळी रस्त्यावर पाहणी अधिकाऱ्यांची गाडी येऊन उभी राहिली.

हे गृहस्थ किडकिडीत, सभ्य आणि भयंकर कंटाळलेले होते. गळ्यात दुर्बीण होती. गेला महिनाभर ते देशभर गाडीतून परांच्या बघत हिंडत होते आणि कुठेही उतरले नव्हते. इथेही उतरायचं काही कारण नव्हतं. परांची समोर दिसत होती. पण आतापर्यंतच्या प्रत्येक जागी त्यांना मिक्सरचा आवाज ऐकू आला होता. आज पहिल्यांदाच एका बांधकामावर चिमण्या ऐकू आल्या. त्यांना ते चमत्कारिक वाटलं. ते उतरले.

मेव्हण्याने खिडकीतून पाहिलं. "दाजी, आले. उतरले. आत येतायत."

"मिक्सर लाव."

"आता लावला तर संशय येईल."

"मग मला लपव."

"कुठे लपवू? परांचीवर?"

साहेबांनी हेल्मेट आणखी खाली ओढलं. पाहणी अधिकारी दारात उभे राहिले. त्यांना समोर एक स्वच्छ खोली, एक यंत्र, एक डॉक्टर, एक बाई, एक ठेकेदार आणि पाय मोडलेला एक सिमेंटने माखलेला मनुष्य दिसला.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"कामगार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "इथे दुसऱ्या कोणाला प्रवेश नाही."

"काय झालं त्यांना?"

"पडले."

"कुठून?"

"खुर्चीवरून," बायको म्हणाली. तिला खोटं बोलायची सवय नव्हती. त्या घरात ते खातं साहेबांकडे होतं.

"बांधकामावर खुर्ची कशाला?"

इथे मेव्हण्याची अक्कल धावली. "खुर्ची नाही हो, परांचीवरून. परांचीवरून पडला बिचारा. वरच्या मजल्यावर काम जोरात चालू आहे ना."

खोलीत पुन्हा चिमण्या ऐकू आल्या. साहेबांनी डोळे मिटले. कामावर असताना परांचीवरून माणूस पडला तर काय होतं, हे त्यांना पाठ होतं. तो नियम त्यांनीच फिकेसाहेबांच्या विभागासाठी सुचवला होता.

"वाईट झालं," पाहणी अधिकारी म्हणाले. ते मनापासून म्हणाले. "म्हणजे मला काम बंद करायला लागणार. चौकशी होईपर्यंत. आणि कामगारांच्या जिवाशी खेळ होतोय म्हटल्यावर विभागातली या ठेकेदाराची सगळी कामं बंद."

"सगळी?" साहेब हेल्मेटच्या आतून म्हणाले.

"सगळी. ठेकेदार किती ठिकाणी आहे?"

मेव्हण्याने बोटांवर मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. विभागात असं एकही ठिकाण नव्हतं जिथे तो नव्हता.

साहेबांनी हेल्मेट काढलं. "मी या विभागाचा संचालक आहे."

पाहणी अधिकाऱ्यांनी वाकून पाहिलं. सिमेंटखाली त्यांना अहवालातल्या फोटोतला चेहरा ओळखता आला. "साहेब, तुम्ही? तुमच्याकडे तर संध्याकाळी चहा होता."

"चहा आहेच," बायको म्हणाली. "खुर्ची तेवढी नाही."

"पण तुम्ही इथे कसे? रुग्ण म्हणून दाखल झालात का?"

"नाही, नाही," साहेब घाईने म्हणाले. "रुग्ण नाही."

"हो, कारण रुग्ण असाल तर इमारत वापरात आली. मग मला ती पूर्ण झाली असं लिहायला लागेल. मग पाहुणे म्हणून आलात?"

"हो. पाहुणा. म्हणजे, पाहणीला आलो होतो."

"फलकावर लिहिलंय, कामगारांखेरीज कोणालाही नाही. तुमचीच सही आहे. म्हणजे तुम्ही स्वतःच्या आदेशाविरुद्ध आत आलात असं होईल. ते मी लिहू इच्छित नाही. वाईट दिसतं."

इकडे आड आणि तिकडे विहीर, अशी वेळ माणसावर येते. साहेबांवर आड, विहीर आणि खाली मोडलेला पाय अशी आली होती. पण ते शेवटी आयुष्यभर हिशेब जुळवलेले गृहस्थ होते. पूर्ण झालेली इमारत कायमची गेली. बंद पडलेलं काम निदान पुढच्या वर्षी पुन्हा सुरू करता येतं.

"कामगार," ते म्हणाले. "मी कामगार आहे."

"म्हणजे संचालक स्वतः परांचीवर चढून काम करत होते?"

"हो."

"या वयात?"

"मनापासून काम करणारे आहेत ते," बायको म्हणाली. तिच्या आवाजात इतका तिटकारा होता की पाहणी अधिकाऱ्यांना तो अभिमान वाटला. त्यांनी तसं टिपून घेतलं.

त्यानंतर सगळं झटपट झालं. पाहणी अधिकाऱ्यांच्या ड्रायव्हरने दारावरचा 'काम सुरू आहे' हा फलक उतरवला आणि गाडीच्या डिकीतून 'काम बंद' असा फलक काढून लावला. जो मिक्सर क्षणभरही थांबला नसता तर बरं झालं असतं, तो आता कायमचा थांबला. मुकादमाने कामगारांना सांगितलं की घरी जा. त्यातल्या बऱ्याच जणांना काम काय होतं हेही आठवत नव्हतं, पण घरी जायला ते तयार होते.

डॉक्टरबाई नव्या फलकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी तो दोनदा वाचला.

"यावर प्रवेशबंदीचं काही नाही," त्या म्हणाल्या.

"काम बंद म्हटल्यावर धोका कसला?" पाहणी अधिकारी म्हणाले. "धोका कामाचा असतो."

डॉक्टरबाईंनी शेडकडे वळून हात केला. रांग हलली. आधी कोपर धरलेला म्हातारा, मग पोरासकट बाई, मग बाकीचे, चपला दाराबाहेर काढाव्यात की नाही याची कुजबुज करत आत आले. मिक्सरची तार एक्स-रे यंत्राला होतीच. थोड्याच वेळात गाद्यांवरचं प्लास्टिक काढल्याचा चरचर आवाज सगळ्या मजल्यांवरून येऊ लागला.

"चला," साहेब खाटेवर रेलत म्हणाले. "आता माझ्या पायाचं बघा."

"तुमचं नाही बघता येणार," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"का? सगळ्यांचं बघताय."

"ते रुग्ण आहेत. तुम्ही अपघातात सापडलेले कामगार. चौकशी संपेपर्यंत जखमी कामगाराला अपघाताच्या जागेवर ठेवायचं नाही, असा नियम आहे. तुमचाच असेल."

तोही त्यांचाच होता.

डॉक्टरबाईंनी परांचीची एक आखूड फळी मागवली, ती पायाला नीट बांधून दिली आणि टेबलावरची चिठ्ठी उचलली. चिठ्ठ्या लिहून तयारच होत्या. 'पुढील उपचारांसाठी शेजारच्या विभागात जावे.' त्या दिवशी त्यांनी दिलेली ती एकच चिठ्ठी.

फिकेसाहेबांचं रुग्णालय बैठं, जुनं आणि पिवळट होतं. त्याला परांची नव्हती. समोरच्या पायऱ्या मधोमध झिजल्या होत्या, कारण तिथून माणसं जात-येत असत. आत शिरल्या शिरल्या कोणीतरी विचारलं, "काय होतंय?" आणि उत्तर ऐकून घेतलं. साहेबांना ही गोष्ट खटकली, पण पाय दुखत होता म्हणून ते बोलले नाहीत. त्याच दिवशी हाड जुळवलं गेलं. जेवण वेळेवर आलं. न्हाणीघरात नळ होता आणि तो बंदही होत होता. बायको त्या न्हाणीघरात जरा जास्तच वेळ रमली.

दुसऱ्या दिवशी फिकेसाहेब भेटायला आले. दोघे एकाच वर्षी नोकरीला लागले होते.

"ये, ये," फिकेसाहेब म्हणाले, जणू साहेबच आत्ता आले होते. "तुझ्या विभागाची निम्मी माणसं आमच्याकडेच असतात. संचालक तेवढे यायचे राहिले होते."

"हसून घे," साहेब म्हणाले. "तुझा विभाग दरवर्षी शेवटचा असतो."

"असतो खरा. काय करू? जे आहे ते चालतंय. बांधायचं निमित्तच मिळत नाही. राजधानीतून फार बोलणी खातो."

"नकाशावर बघवत नाही तुझ्याकडे."

"नकाशावर बघणाऱ्याला नाही बघवत," फिकेसाहेब म्हणाले आणि फळांची पिशवी ठेवून गेले. बायकोने त्यातलं एक फळ कापलं आणि नवऱ्याला न विचारता खाऊन टाकलं.

साहेबांनी खाटेवर पडल्या पडल्या महासंचालकपदाला मनातल्या मनात निरोप दिला. विभाग पांढराफटक पडणार होता. राजधानीतले पडदे गेले. चौकशी येणार, मेव्हण्याचा ठेका जाणार, आणि मेव्हण्याचा ठेका गेला की बायकोच्या माहेरची बोलणी येणार. पाय बरा होत होता, पण त्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. पाय काय, घरचाच होता.

प्लास्टर काढायचा दिवस उजाडला आणि त्याच सकाळी राजधानीहून आदेश आला. आदेश घेऊन फिकेसाहेबच आले. चेहरा मात्र नेहमीसारखा हसरा नव्हता.

"वाच," ते म्हणाले.

कागद बायकोने घेतला आणि वाचला. पाहणी अधिकाऱ्यांनी आपलं काम चोख केलं होतं. त्यांनी कळवलं होतं की देशभरातल्या पाहणीत एकच संचालक असा आढळला, जो कचेरीत न बसता स्वतः परांचीवर चढून बिगाऱ्याचं काम करतो आणि त्यात हाड मोडलं तरी आपण कामगारच असल्याचं अभिमानाने सांगतो. राजधानीत हे वाचून बैठकीत काही जणांचे डोळे पाणावले होते. विभाग बंद पडला, हा ठेकेदाराचा दोष. माणूस मात्र हिरा. अशा माणसाला राजधानीत खुर्चीवर बसवणं हा त्याच्यावर अन्याय ठरेल. त्याला देशातल्या सर्वांत मागासलेल्या, सर्वांत फिक्या विभागात पाठवावं, म्हणजे तोही गडद होईल.

"म्हणजे इथे," फिकेसाहेब म्हणाले.

"आणि तुम्ही, भावोजी?" बायकोने विचारलं.

"मी तुमच्याकडे. तिथे आता दवाखाना चालू झालाय म्हणतात. चालू असलेलं चालू ठेवणं मला जमेल." त्यांनी झिजलेल्या पायऱ्यांकडे एकदा पाहिलं. "याला सांभाळ," ते साहेबांना म्हणाले आणि निघून गेले. 'याला' म्हणजे कशाला, हे विचारायची साहेबांना गरज वाटली नाही.

डॉक्टर आले. प्लास्टर कापलं गेलं. पाय बारीक झाला होता, पण सरळ होता. "जरा उभे राहून बघा," डॉक्टर म्हणाले. साहेब कुबडी घेऊन उठले. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. दुखलं नाही. चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी तेज आलं. ते हळूहळू भिंतीपर्यंत गेले, थांबले, आणि भिंतीकडे वरून खालपर्यंत पाहिलं. मग छताकडे पाहिलं. मग कुबडीचं टोक उचलून भिंतीवर दोन-तीनदा ठोकलं आणि कान लावून आवाज ऐकला.

"डॉक्टर," ते म्हणाले, "ही इमारत किती जुनी म्हणालात?"

"मी काही म्हणालो नाही," डॉक्टर म्हणाले. "पण असेल बरीच जुनी. का?"

साहेब खिशात फोन चाचपत होते. मेव्हण्याचा नंबर त्यांना तोंडपाठ होता.

बायकोने पिशवीत भरत आणलेले कपडे परत बाहेर काढून खाटेवर ठेवले आणि डॉक्टरांकडे वळली.

"डॉक्टर, ह्यांचा दुसरा पायही आत्ताच तपासून घ्या," ती म्हणाली. "पुढे सोय राहायची नाही."